विरजण

आमच्या घरात बुरशीला जागा नव्हती.
लोणच्यावर पांढरं दिसलं की
आत्याबाई बरणी उन्हात नेऊन पालथी घालायच्या,
भाकरीवर हिरवा ठिपका
म्हणजे भाकरी म्हशीला, हात राखेनं साफ.

आणि मी परभणीहून चार दिवस शिकून
बुरशीच घेऊन आले,
काचेच्या नळीत, कापसाचं बूच लावून,
एसटीत रेणापूरपर्यंत मांडीवर धरून.
शेजारची म्हणाली, औषध हाय का?
म्हटलं, नाही, जिवंत हाय.
ती जरा सरकून बसली.

ज्वारी अर्धी कच्ची शिजवायची,
पिशव्यांत भरून कुकरात दोन तास वाफवायची,
गार झाली की चिमणीच्या ज्योतीपाशी
श्वास आवरून
एकेका पिशवीत नळीतला एकेक कण.
दारातून आवाज,
"आगं, ज्वारीचं काय करायलीस?"
"नासवायलेय आत्याबाई. मुद्दाम."

तिसऱ्या दिवशी पिशवीत धुकं.
सहाव्या दिवशी हिरवं,
कोवळ्या मुगाच्या शेंगेसारखं.
मी पलंगाखाली वाकून बघायची,
तान्ह्याच्या तोंडावरचं पांघरूण
बोटानं सारून बघावं तसं.

आठव्या दिवशी मी बचत गटाच्या सहीला बँकेत,
आणि इकडं आत्याबाईंनी खोली झाडली.
अकरा पिशव्या उकिरड्यावर.
"सगळीच बुरसली की गं,"
म्हणाल्या, आणि खरंच हळहळल्या.
बहात्तर सालात ज्वारीचे दाणे
मोजून शिजवलेली बाई ती.

मी भांडले नाही. भांडायचं होतं.
कपाटामागून गेल्या साली उपटलेलं
हरभऱ्याचं वाळकं झाड काढलं,
मूळ नखानं उभं चिरून दाखवलं:
आत काळी दोरी.
खाली ओल असून वरती तहानेनं गेलेलं.
ही जी दोरी ना, तीपण बुरशीच.
आपली हिरवी तिला मातीत गाठते,
वेटोळं घालते, पिळते, खाते.
आत्याबाई बराच वेळ मुळाकडं बघत राहिल्या.
"म्हणजे भावकीच की," म्हणाल्या.

मग बॅटरी घेऊन दोघी उकिरड्यावर.
पाच पिशव्या कोंबड्यांनी फोडलेल्या,
दोन सापडल्याच नाहीत,
चार शाबूत.
त्या हातात धरून त्यांनी एवढंच विचारलं,
"हे विरजण म्हणायचं का?"
हो.
"दुधात घातलं की दही लागतं. मातीत घातलं की?"
माझ्या वहीत ह्याचं उत्तर नव्हतं.

पेरणीच्या सकाळी लिंबाच्या सावलीत
पोत्यावर हरभरा पसरला.
आधी हिरवी भुकटी,
मग गुळाच्या पाण्यात कालवलेलं
ते दुसरं, काळं, गाठी धरणारं.
हातानं हलकं चोळायचं, साल निघू द्यायची नाही,
उन्हात न्यायचं नाही, उद्यावर ठेवायचं नाही.
त्यांचे हात कोपरापर्यंत काळे-हिरवे.
राखेकडं गेल्या नाहीत.
तशाच पाभरीमागं चालल्या.

पुसात एक झाड अलगद उपटलं.
मुळांवर गाठी, मोहरीएवढ्या,
एक फोडली तर आत गुलाबी,
लेकराच्या हिरड्यासारखी.
सगळं वाचलं असं नाही.
खालच्या पट्टीत, जिथं पाणी तुंबतं,
तिथली झाडं यंदाही माना टाकून होती.
आणि उकिरड्याचं खत पांगलं त्या रानात
तुरीच्या चार ओळी काळ्याशार निघाल्या,
पण त्या कशानं, ते कुणी सांगावं.
मी वहीत प्रश्नचिन्ह केलं.

आता फडताळात दह्याच्या गाडग्याशेजारी
एक डबा असतो, झाकणाला भोकं पाडलेला.
काल सांजेला वेणूताई बांधावरून आली,
म्हणाली, "वहिनी, मूठभर द्या की तुमची ती बुरशी."
मी उठणार, तोच चुलीपुढून आत्याबाई बोलल्या,
"दिवेलागणीला विरजण देत नसतात.
सकाळी ये.
आणि येताना वाटी आण."